कोचचा डावा हात

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते दादांचे. हे मी आधीच लिहून टाकतो. पुढचं वाचून कुणाला वाटेल की हा पोरगा शिकला आणि शेफारला. वाटो. उपकाराचा भाग खोटा नाही आणि पुढचा भागही खोटा नाही. दोन्ही एकाच माणसाचे आहेत, याचाच मला राग आहे.

दादा माझे सख्खे भाऊ नाहीत. कळमनुरीकडचे, आमच्या गावापासून दोन गावं सोडून. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. नांदेडला फिजिओथेरपी शिकलो आणि तिथेच एका दवाखान्यात लोकांच्या माना आणि कंबरा मोकळ्या करत होतो. दादा कतारहून रजेवर आले होते. एका लग्नात वाढपी कमी पडले म्हणून भाताचं पातेलं उचलायला गेले आणि जागेवरच कंबर धरली. मला बोलावणं आलं. मांडवामागे सतरंजीवर त्यांना पालथं घालून मी कंबर सोडवली. ते उठले, चालून बघितलं आणि म्हणाले, "तू इथं काय करायलास रे? चल दोह्याला." बरं वाटल्यावर माणूस असं बोलतोच, असं मला वाटलं. दादांनी मात्र ते खरं करून दाखवलं.

दोह्यात अल अझीझिया भागात एक खाजगी क्रीडा अकादमी आहे. दादा तिथे ऑपरेशन्स मॅनेजर. बारावी नापास झालेला माणूस मैदानावर पाणी मारायला लागला आणि पुढे सगळं मैदान त्याच्या शब्दावर चालायला लागलं, याचं मला आजही कौतुक आहे. मी आलो तेव्हा त्यांनी शहरातल्या नजमा भागातल्या स्वतःच्या खोलीत मला पलंग दिला. इथे फिजिओला परवान्याची परीक्षा द्यावी लागते. शुक्रवारी जेवणं झाली की दादा माझं जाडजूड पुस्तक मांडीवर घेऊन मला प्रश्न विचारायचे. स्नायूंची नावं त्यांना वाचता यायची नाहीत.

"हे सुप्रा... सुप्रा का काय ते. कुठं असतंय दाखव."

मी त्यांच्याच खांद्यावर बोट ठेवायचो. "इथं."

"आता बरोबर का चूक, ते मला कसं कळावं?"

"मागच्या पानावर उत्तर आहे, दादा."

ते पान उलटायचे, बोट फिरवत अक्षरं जुळवायचे आणि ओरडायचे, "पास!" शेजारच्या खोलीतले केरळी ड्रायव्हर भिंतीवर थाप मारायचे. मी पास झालो त्या दिवशी दादांनी सूक वाकिफच्या बाजारातून आणलेली खजुराची पेटी अख्ख्या मजल्यावर वाटली. माझ्या वडिलांनी वाटली असती तशीच.

मी अकादमीचा फिजिओ झालो. तिथे क्रिकेट आणि फुटबॉल आधीपासून होतं. अमेरिकन, जपानी, कोरियन कुटुंबांनी मागणी केली म्हणून बेसबॉल सुरू झालं आणि ते शिकवायला कोच आला. आम्ही सगळे त्याला कोचच म्हणायचो. क्यूबाचा, चौतिशीचा, उंच, डावखुरा. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला जुन्या ऑपरेशनची लांब रेघ. तो मला 'डॉक' म्हणायचा. मी डॉक्टर नाही हे सांगून दमलो, शेवटी सोडून दिलं.

उपचाराच्या टेबलावर माणसं बोलतात. कोचही मोडक्या इंग्रजीत बोलायचा. एकोणीस वर्षांचा असताना देशाच्या संघाबरोबर तो मेक्सिकोला गेला होता. एका सकाळी हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडला तो परत आला नाही. पिशवी खोलीतच राहिली. संघ सोडून जाणाऱ्याला तिकडे आठ वर्षं घरी येऊ देत नाहीत. मग मेक्सिको, निकाराग्वा, तैवान, इटली. प्रत्येक देशात त्याचा हात आधी पोचायचा, हातामागून तो. लोक त्याला बघायच्या आधी त्याचा हात बघायचे, दाबायचे, वाकवायचे. बैल बघतात तसे. आठ वर्षं संपल्यावर तो घरी गेला, तेव्हा आई नव्हती. तिच्या खाटेवर मावशीची नातवंडं झोपली होती.

इटलीतल्या एका लहान गावात तो सगळ्यात जास्त टिकला. तिथेच लग्न केलं, मुलगी झाली, लग्न मोडलं, करार संपला. करार संपला की राहण्याची परवानगीही संपते. मुलगी आईबरोबर तिथे राहिली आणि कोच एका ओळखीच्या व्हॉलीबॉल प्रशिक्षकाच्या शब्दावर दोह्याला आला.

डावा हात तो फार जपायचा. त्या हाताने पिशवी उचलायचा नाही, दार ढकलायचा नाही, कॉफीचा कपही धरायचा नाही. गाडीत एसीची हवा त्या कोपरावर येऊ नये म्हणून उन्हाच्या बाजूला बसायचा. मैदानावरची आपली पोरं हसायची. बीडकडचा एक ड्रायव्हर म्हणायचा, "नवरीचा हात हाय बाबा, मेंदी वाळंना अजून." मीसुद्धा हसायचो. कोचला समजावून सांगितलं, तेव्हा तोही हसला. म्हणाला, "बरोबर आहे. हा हात एकच काम करतो. बाकीची कामं दुसऱ्याने करायची."

आणि त्या एका कामाचेही नियम होते. पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, पूर्ण ताकदीने चेंडू टाकतो तो एक दिवस, मग चार दिवस नाही. पहिल्या दिवशी नुसतं धावणं, मग रबरी पट्ट्यांचा हलका व्यायाम, मग अगदी मऊ फेकी. हा लाड नाही. क्रिकेटचा गोलंदाज लांबून धावत येतो, कोपर सरळ ठेवतो, वेगाचा मोठा भाग धावेतून आणि पाठीतून येतो. पिचर मातीच्या उंचवट्यावर उभा असतो. तेवढाच वेग तो एका पावलात काढतो आणि त्याचा झटका वाकलेल्या कोपराच्या आतल्या दोरीवर बसतो. ती दोरी दर वेळी थोडी उसवते आणि चार दिवसांत परत भरते. हे मी दादांना टेबलावर कोचचं कोपर धरून दाखवलं होतं.

"म्हंजे पाच दिवसात एक दिवस काम?" दादा म्हणाले. "असली नोकरी मला पण बग की."

दादा तालुक्याला लेदर बॉलने फास्ट बॉलिंग टाकायचे. सकाळी पंधरा षटकं, जेवून परत दहा, दुसऱ्या दिवशी दुसरी मॅच. त्यांच्या लेखी टाकल्याने हात गरम राहतो, बसवल्याने आखडतो. आपल्याकडच्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल.

जानेवारीत कोचला इटलीहून फोन आला. त्याच गावच्या क्लबचा. मार्चच्या सुरुवातीला ये, हात दाखव, चांगला असेल तर एका मोसमाचा करार, पुढे मुलांचा प्रशिक्षक म्हणूनही ठेवू. कोचने फोन ठेवला आणि माझ्या उपचाराच्या खोलीत येऊन टेबलावर आडवा पडला. मग म्हणाला, "डॉक, तिची शाळा मैदानाच्या मागेच आहे. सराव करताना घंटा ऐकू येते."

त्या दिवसापासून आम्ही दोघांनी मिळून त्याचे दिवस आखले. रजेचा अर्ज दादांकडे गेला. दादांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "इन्शाल्ला, इन्शाल्ला, व्हेरी गुड." सही केली नाही.

फेब्रुवारीत इथे क्रीडा दिनाची सुट्टी असते. अख्खं शहर ट्रॅकसूट घालून बाहेर पडतं, कंपन्या आपल्या माणसांना बसमध्ये भरून मैदानावर आणतात. एका मोठ्या कंत्राटदार कंपनीला दादांनी कबूल करून टाकलं होतं की तुमच्या लोकांना खऱ्या व्यावसायिक पिचरचा चेंडू मारायला मिळेल, फुल स्पीड. मला हे आठवडाभर आधी कळलं. कोचचा पूर्ण ताकदीचा दिवस नेमका त्याच्या आदल्या दिवशी होता. मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "बघू."

क्रीडा दिनाच्या सकाळी गाडीत मी परत सांगितलं. "दादा, काल त्याने पूर्ण टाकलंय. आज हलकं टाकेल. जोरात नको."

"काल टाकलंय ना? मग हात गरम हाय की त्याचा."

"गरम नाही, उसवलेला आहे. चार दिवस..."

"उगं डोकं नको खाऊ रे सकाळी सकाळी. म्या बॉलिंग टाकलीया का नाही? तू टाकलीस कधी?"

मी टाकली नव्हती. मी शाळेत गुणलेखक होतो. ड्रायव्हर आरशातून हसत होता.

कोचने हलकेच चेंडू टाकले, मुलांना टाकतो तसे. कंपनीचे लोक मारत होते, एकमेकांचे व्हिडिओ काढत होते, सगळं मजेत चाललं होतं. मग त्यांचे मोठे साहेब बॅट घेऊन आले. आपलेच, भारतीय. दोन चेंडू मारले आणि दादांकडे वळून मोठ्याने हिंदीत म्हणाले, "ये तो मेरी बीवी भी मार लेगी! प्रोफेशनल कहाँ है?" लोक हसले. दादांच्या हातात माईक होता. दादा माईकवर म्हणाले, "कोच साब, हाथ में मेहंदी लगी है क्या?"

अख्खं मैदान हसलं. त्यांना कशाला हसतोय हेही माहीत नव्हतं.

दादा माईक बंद करून उंचवट्यावर गेले. मी जाळीजवळच उभा होतो, मला शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी कोचच्या खांद्यावर हात टाकला आणि हसत हसत इंग्रजीत म्हणाले, "फुल स्पीड. साहेब खूश, मी खूश. संध्याकाळी तुझ्या रजेवर सही. नाहीतर मार्चमध्ये आपल्याकडे माणसं कमी आहेत."

कोचने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको. त्याने दादांकडे बघितलं. दादा परत जाळीकडे येत होते आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगत होते.

पहिला चेंडू साहेबांना दिसलाच नाही. लोक किंचाळले. दुसरा हातातून सुटला तो जाळीच्या वरून रस्त्यावर गेला. कोच ओरडला नाही. उजव्या हातातल्या ग्लोव्हमध्ये त्याने आपलं डावं कोपर धरलं, झेल घ्यावा तसं, आणि उंचवट्यावरून उतरून चालत माझ्याकडे आला. चेहरा पांढरा. "डॉक," तो म्हणाला, "खलास."

मागे लोक टाळ्या वाजवत होते. खेळ संपला असं त्यांना वाटलं. साहेब दोन्ही हात वर करून फोटो काढून घेत होते. त्या टाळ्या आठवल्या की आजही माझ्या मुठी वळतात.

स्कॅनमध्ये दोरी पूर्ण तुटलेली निघाली. ऑपरेशन आणि मग निदान वर्षभर थांबणं. मला वाटलं, दादा आता खचतील. मी त्यांना धीर द्यायच्या तयारीत होतो, इतका मी बावळट. दोन दिवसांनी अझीझियाहून नजम्याला परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो आणि दादा स्वतः चालवत होते. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "इटलीवाल्यांचा फोन आलता मला. तिकडच्या क्लबचा प्रशिक्षक. काय झालं इचारत होता."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, त्याचा हात आधीच गेलता. लपवून ठेवलं आमच्यापासून. तुला फोन आला तर तू बी तसंच सांग."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "दादा, हात चांगला होता. मी रोज तपासत होतो."

"आधीचं ऑपरेशन हाय का नाही?"

"ते जुनं आहे. त्याच्यानंतर तो सहा मोसम खेळलाय."

"मग गेलताच की आधी." सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न मारला. "हे बग, त्याचं वय झालं. आज नाही उद्या गेलाच असता. मालकाला कळलं की म्या जबरदस्ती केली, तर माझं काय व्हईल? घरी दोन पोरी शिकायल्यात माझ्या. त्याचं काय, एकटा जीव."

"त्याचीही मुलगी आहे."

"तिची आई हाय ना तिला सांभाळायला." मग गाडी बाजूला घेतली, एका कॅफेटेरियासमोर, आणि माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "तुला इथं कुणी आणलं रे?"

मी काचेतून कॅफेटेरियाची पाटी वाचत राहिलो.

"बोल की."

"तुम्ही."

"मग?"

बस, एवढंच. 'मग?' त्या एका शब्दात पलंग होता, पुस्तक होतं, खजुराची पेटी होती, माझी आई फोनवर त्यांना 'तुम्हीच त्याचे मायबाप' म्हणते तेही होतं. मला आयुष्यात इतका राग कधी आला नव्हता. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पोऱ्या चहा घेऊन खिडकीशी आला, दादांनी दोन घेतले, एक माझ्यापुढे धरला. मी घेतला नाही. ते म्हणाले, "घे, निवंल." मी उतरलो आणि नजम्यापर्यंत चालत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी कोचच्या खोलीवर गेलो आणि त्याच्याच फोनवरून इटलीच्या प्रशिक्षकाशी बोललो. खरं ते सगळं सांगितलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, ताजी दुखापत असेल तर आम्ही वर्षभर थांबू, तोवर त्याला मुलांकडे ठेवू, आम्हाला तो हवाच आहे. पण आमच्या क्लबच्या समितीपुढे त्याच्या मॅनेजरचं बोलणं गेलंय की त्याने दुखापत लपवली. तुम्ही त्याचे मित्र आहात, मित्राचं कोण ऐकणार? खोटं बोलणाऱ्याला मुलांचा प्रशिक्षक करायला लोक तयार नाहीत. मॅनेजरने स्वतः शब्द मागे घेतला तर ठीक, शनिवारी बैठक आहे.

फोन ठेवल्यावर मी दादांना शिव्या घातल्या, मराठीतच, कोचला कळणार नाहीत अशा. त्याला कळल्या. हात गळ्यात बांधलेला, तो खिडकीत बसला होता. म्हणाला, "माझ्या देशात मला गद्दार म्हणाले. ते मी खिशात घालून फिरलो. पण ते गाव लहान आहे, डॉक. सोमवारी शाळेत कुणीतरी तिला सांगेल की तुझा बाप खोटारडा आहे. तिला त्याचं काय उत्तर देता येईल?"

तो रडला नाही. त्याने उजव्या हाताने माझ्यासाठी कॉफी केली, सांडली, परत केली.

मी त्याच संध्याकाळी खोली सोडली. अझीझियात वसईच्या एका कुटुंबाकडे जागा मिळाली. आणि दादांना पत्र लिहिलं. लांब मेसेज ते वाचत नाहीत, 'आवाज पाठव' म्हणतात, आणि आवाजात मी घसरलो असतो. कागदावर लिहिलं, पाकिटात घातलं आणि बीडच्या ड्रायव्हरच्या हातून पाठवलं. ते असं होतं:

दादा,

पाया पडतो आणि मग भांडतो. पाया पडून गप्प बसणं मला यापुढे जमणार नाही.

तुम्ही विचारलंत, मला इथे कुणी आणलं. तुम्ही आणलंत. हे मी कुठेही, कुणापुढेही सांगेन, तुमच्याशी बोलणं बंद झालं तरी सांगेन. पण तुम्ही मला आणलंत ते माणसाच्या अंगातलं मला कळतं म्हणून. जे कळत होतं ते मी तुम्हाला आठवडाभर आधी सांगितलं आणि त्या सकाळी गाडीत परत सांगितलं. तुम्ही म्हणालात, तू बॉलिंग टाकलीस का कधी.

तुम्ही मुद्दाम हात मोडलात असं मी म्हणत नाही. तुम्हाला खरंच वाटलं की टाकल्याने हात गरम राहतो. आपल्याकडे सगळे असंच खेळतात, सगळ्यांची हीच चूक झाली असती. नुसती चूक असती तर मी तुमच्या शेजारी उभा राहिलो असतो. पण त्याची रजा तुम्ही हातात धरून ठेवलीत आणि तिच्या जोरावर त्याच्याकडून चेंडू टाकून घेतलात. आणि हात गेल्यावर त्याच्या नावाला काळं फासलंत. ह्याचा मला राग आहे, दादा. जेवताना आहे, झोपताना आहे. तुमचाच राग येतो म्हणून जास्त येतो.

त्याला आता चेंडू टाकता येत नाही. पण इटलीचे लोक त्याला वर्षभर सांभाळायला तयार आहेत, मुलीच्या शाळेजवळ. ते फक्त तुमच्या बोलण्यावर अडलंय. त्यांना फोन करून एवढंच सांगा की हात चांगला होता, त्याने काही लपवलं नव्हतं, आणि त्या दिवशी तो तुमच्या सांगण्यावरून जोरात टाकत होता. इंग्रजीत हवं असेल तर मी लिहून देतो. बोलायचं मात्र तुम्ही.

मालकांना कळेल ही भीती मला समजते. तुमच्या दोन्ही मुलींना मी ओळखतो, धाकटीला मी फोनवर गणितं सांगतो आणि सांगत राहीन. मालकांनी बोलावलं तर मी तुमच्याबरोबर आत येईन. तुम्ही हे मैदान उभं केलंत आणि मलाही, हे मी त्यांना सांगेन. जे घडलं तेही सांगेन. दुसरं काही सांगायला मला लावू नका.

मी राजीनामा देत नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा. तोवर रोज येईन, कोचच्या हाताची पट्टी बदलेन आणि तुमच्या समोरूनच जाईन.

त्यांचा नंबर मागच्या बाजूला लिहिला आहे. बैठक शनिवारी आहे, म्हणून शुक्रवारी केलात तरी चालेल. आपल्याकडे सुट्टी असते, तिकडे कामाचा दिवस असतो. फोन उचलतील.

तुमचाच